आपल्या मुलांचे इंग्रजी लेखन

(उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर विभागाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाचा समारंभ आताच आपण पाहिला. शाल, श्रीफळ आणि पुस्तके देऊन आपण त्यांचे कौतुक केले, ते योग्यच झाले. आमच्या वाट्यास आलेला विषय मात्र टाळ्यांचा नसून वहीचा आहे. महाविद्यालयात व विद्यापीठात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना आपल्या विषयावर इंग्रजीत नीट लिहिता यावे, यासाठी ज्ञातीने काय करावे, हा तो विषय होय. कार्यकारी मंडळाने तो सुचविला तेव्हा आम्ही जरा संकोचलो. त्या संकोचाचे कारण या भाषणाच्या ओघात आपल्यापुढे ठेवणार आहोत. कारण ते न सांगता उपदेश करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

प्रथम आपण राहतो त्या भूमीचा विचार करू. उल्हासनगर म्हणजे पूर्वीचा कल्याण कॅम्प. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करासाठी उभारलेल्या त्या बराकींत १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे वसली आणि १९४९ साली त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. सर्वस्व गमावून आलेल्या त्या समाजाच्या शिक्षणसंस्थेने १९६५ साली तेथे चांदीबाई महाविद्यालय सुरू केले. आपल्या ज्ञातीतीलही कित्येक मुले त्या महाविद्यालयाच्या पायऱ्या चढली आहेत. अंबरनाथ म्हणजे कारखान्यांचे गाव. बदलापूर म्हणजे मुंबईत जागा परवडेना म्हणून आलेल्या मध्यमवर्गाचे गाव. येथील मूल घरी मराठी बोलते, बाजारात हिंदी बोलते, शेजारची सिंधी कानावर घेते आणि परीक्षेच्या वेळी इंग्रजीपुढे उभे राहते. चार भाषा ज्याच्या कानांवरून जातात त्याला भाषेची बुद्धी नाही, असे कोण म्हणेल? तरीही हेच मूल इंग्रजीत दोन पाने लिहिण्यास बसले की त्याचा हात थिजतो. हे का घडते, हा खरा प्रश्न आहे.

आमच्या मते याचे कारण असे की, आपण इंग्रजी लिहिणे म्हणजे इंग्रजी शब्दांची आरास करणे, अशी समजूत करून घेतली आहे. विद्याविषयक लेखन ही मुळात भाषेची आरास नव्हे. एखादे विधान करावयाचे, त्यास पुरावा द्यावयाचा, तो पुरावा कोठून घेतला ते सांगावयाचे आणि दुसऱ्याला तो तपासता येईल अशी सोय ठेवावयाची, एवढाच त्याचा गाभा आहे. हे ज्याला साधले त्याचे इंग्रजी साधे असले तरी चालते. हे ज्याला साधले नाही त्याचे इंग्रजी कितीही भरजरी असले तरी ते पोकळ ठरते.

याचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. अंबरनाथचे शिवमंदिर आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या मंदिरात शिलाहार राजा मामवाणी याच्या काळचा एक शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचला व रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यावर इंग्रजीत लेख लिहिला. भाऊ दाजी हे इंग्रजीचे पट्टीचे लेखक. विद्यार्थिदशेतच काठेवाड व कच्छमधील बालिकाहत्येवर इंग्रजी निबंध लिहून त्यांनी पारितोषिक मिळविले होते. त्यांनी शिलालेखातील शक ७८२ असा वाचला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच लेख पुन्हा तपासला आणि तो शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६० असल्याचे दाखविले. आज आपण तीच तारीख सांगतो. एका अंकाने मंदिराचे वय दोनशे वर्षांनी बदलले!

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, भगवानलाल हे भाऊ दाजींच्याच हाताखाली काम केलेले. गुरुस्थानी असलेल्या माणसाचे वाचन त्यांनी दुरुस्त केले. त्यात उद्धटपणा नव्हता, कारण दगडावरील अक्षर दोघांपुढेही होते. आणि दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. भगवानलालांचे इंग्रजी बेताचेच होते. ते गुजरातीत लिहीत आणि त्यांच्या कित्येक लेखांची इंग्रजी भाषांतरे इतर विद्वान करीत. तरीही हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. विद्यार्थी मित्रांनो, इंग्रजीच्या भीतीने ज्यांची छाती दडपते त्यांनी अंबरनाथच्या त्या दाराखाली क्षणभर उभे राहावे. विचार आणि पुरावा स्वतःचा असला की भाषा मागून येते. विचार उसना असला तर भाषा येऊनही काही उपयोग होत नाही.

मात्र याचा अर्थ भाषेकडे दुर्लक्ष करावे असा कोणी घेऊ नये. भगवानलालांना भाषांतरकार लाभले. आपल्या मुलांना आपले इंग्रजी आपणच लिहावयाचे आहे. तेव्हा मराठी माणसाचे इंग्रजी नेमके कोठे अडखळते, ते पाहू.

पहिली अडचण क्रियापदाची. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येते. मराठी मनाचा विद्यार्थी कर्ता लिहितो, मग सगळा तपशील भरीत जातो आणि क्रियापदापर्यंत पोहोचेतो कर्ता एकवचनी होता की अनेकवचनी, हेच विसरतो. उपाय सोपा आहे. आधी कर्ता आणि क्रियापद कागदावर शेजारी बसवावे, मग बाकीची मंडळी बोलवावी.

दुसरी अडचण जोडशब्दांची. आपण 'जरी' म्हटले की 'तरी' आल्यावाचून कानास बरे वाटत नाही. म्हणून आपला मुलगा इंग्रजीत 'ऑल्दो' लिहितो आणि पुढे 'बट' जोडतो. इंग्रजीस त्यांपैकी एकच पुरतो. तसेच 'विषयावर चर्चा केली' या वाक्यातील 'वर' सोडवत नाही, म्हणून 'डिस्कस्ड ऑन' असे लिहिले जाते. इंग्रजीत 'डिस्कस' या क्रियापदास मध्ये कोणाचा आधार लागत नाही. 'ए' आणि 'द' या उपपदांना तर मराठीत जोडच नाही. वाचकास अपरिचित अशी विहीर प्रथम आली तर 'ए वेल', तीच विहीर दुसऱ्यांदा आली तर 'द वेल', एवढा एक नियम पक्का केला तरी निम्मी वाट सरते.

तिसरी अडचण वरवर व्याकरणाची, पण खरे पाहता सचोटीची आहे. मराठीत आपण म्हणतो, 'तो म्हणाला की मी येतो.' यातील 'मी' म्हणजे बोलणारा नव्हे, तो दुसरा माणूस. हेच वाक्य शब्दशः इंग्रजीत नेले की 'मी' म्हणजे लिहिणारा विद्यार्थी ठरतो. संभाषणात हे हसून सोडून देता येते. प्रबंधात मात्र एका अर्थशास्त्रज्ञाचे मत अशा रीतीने लिहिले की ते कोणाचे, त्याचे की विद्यार्थ्याचे, हे वाचणाऱ्यास कळेनासे होते. दुसऱ्याचे मत कोठे संपते आणि आपले कोठे सुरू होते, ही सीमा प्रत्येक परिच्छेदात स्पष्ट दिसली पाहिजे. ती सीमा पुसली गेली की त्यालाच वाङ्मयचौर्य म्हणतात, मग ते अजाणतेपणी का झालेले असेना.

या बाबतीत आता नियमही कडक झाले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली यासंबंधी विनियम काढले. प्रबंधातील मजकूर इतरांच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंत जुळला तर दंड नाही. १० ते ४० टक्के जुळला तर ठरावीक मुदतीत, सहा महिन्यांच्या आत, तो सुधारून पुन्हा सादर करावा लागतो. ४० ते ६० टक्के जुळला तर एक वर्ष सादर करता येत नाही. आणि ६० टक्क्यांहून अधिक जुळला तर त्या अभ्यासक्रमाची नोंदणीच रद्द होते. अवतरणचिन्हांत घेऊन योग्य तो नामनिर्देश केलेला मजकूर या मोजणीत धरला जात नाही. म्हणजे दुसऱ्याचे घेणे हा गुन्हा नाही. घेतल्याचे न सांगणे हा गुन्हा आहे. आपल्या घरांत उसनी आणलेली वाटीभर साखर परत करताना ती कोणाची, हे आई विसरत नसे. तोच हा संस्कार.

चौथी अडचण ठोकळेबाज प्रस्तावनेची. आपल्या भागातील एखाद्या विद्यार्थ्यास वालधुनी नदीवर लिहावयास सांगितले तर पहिले वाक्य बहुधा असे येते की, प्रदूषण ही आजच्या जगाची ज्वलंत समस्या आहे. हे वाक्य टेम्स नदीवरही चालेल आणि मुळा-मुठेवरही चालेल. म्हणूनच ते कोठेही उपयोगाचे नाही. वालधुनी अंबरनाथच्या मंदिराजवळून वाहते, उल्हासनगरच्या वस्तीतून जाते आणि कल्याणजवळ उल्हास नदीस मिळते. विद्यार्थ्याने तेथूनच प्रारंभ करावा. पाण्याचा नमुना कोणत्या ठिकाणी, कोणत्या महिन्यात घेतला, कोणी तपासला, ते लिहावे. एका परिच्छेदात एकच मुद्दा मांडावा. पहिल्या वाक्यात तो सांगावा, पुढील वाक्यांत पुरावा द्यावा आणि शेवटी त्या पुराव्यावरून काय निघते व काय निघत नाही, हे नोंदवावे.

'काय निघत नाही' हे शब्द आम्ही जाणूनबुजून उच्चारले. २०१९ सालच्या जुलैत बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती, हे आपणांपैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले. त्यावर लिहिताना कोणी म्हणेल, नदीकाठच्या बांधकामांमुळे हे घडले. असेलही. पण अतिवृष्टी किती, नदीचे पात्र किती, रुळांची उंची किती, हे पाहिल्यावाचून 'मुळे' हा शब्द वापरणे धाडसाचे आहे. 'बांधकामांचाही त्यात वाटा असण्याचा संभव आहे' असे लिहिणारा विद्यार्थी भित्रा नसतो. तो आपल्या पुराव्याचे वजन ओळखतो. इंग्रजीतील 'मे', 'सजेस्ट', 'प्रॉबब्ली' हे छोटे शब्द यासाठीच आहेत.

आणि शेवटची अडचण पुनर्लेखनाच्या कंटाळ्याची. एकदा लिहिले की झाले, अशी आपली वृत्ती असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध सादर केला, तेव्हा परीक्षकांनी तो फिरून लिहिण्यास सांगितले. बाबासाहेबांनी तो फिरून लिहिला व १९२३ साली डी. एस्‌सी. ही पदवी मिळविली. त्याच वर्षी तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि प्राध्यापक एडविन कॅनन यांनी त्यास प्रस्तावना लिहिली. त्या प्रस्तावनेत कॅनन यांनी ग्रंथातील बरेचसे युक्तिवाद आपणांस मान्य नसल्याचे सांगूनही त्याची योग्यता मानली आहे. यात दोन धडे आहेत. एवढ्या प्रज्ञावंतासही पुनर्लेखन चुकले नाही, हा पहिला. आणि मुद्दा नीट मांडला असेल तर मतभेद असणारा माणूसही त्याचा आदर करतो, हा दुसरा. ज्यांच्या घरी इंग्रजीची परंपरा नव्हती अशा महाराष्ट्रातील सर्व मुलांना हा वारसा आहे.

आता आमच्या संकोचाचे कारण सांगण्याची वेळ आली.

काही वर्षांपूर्वी ज्ञातीतील एक विद्यार्थी पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा प्रबंध घेऊन आमच्याकडे आला. सादर करण्यास तीन आठवडे उरले होते. मुलगा हुशार, परिस्थिती बेताची, वडिलांची नोकरी नुकतीच संपलेली. त्याने मोठ्या कष्टाने माहिती जमविली होती. घरोघरी फिरून, लोकांना विचारून त्याने वह्या भरल्या होत्या. लेखन मात्र अडखळत होते. आम्ही प्रथम दुरुस्त्या केल्या. मग वेळ वाचावा म्हणून परिच्छेद लिहून दिले. आणि अखेरीस, हे सांगताना आजही मान खाली जाते, अर्ध्याहून अधिक प्रबंध आम्हीच लिहिला. त्यास उत्तम श्रेणी मिळाली. याच व्यासपीठावर त्याचा सत्कार झाला. टाळ्या वाजविणाऱ्यांत आम्ही पुढे होतो. पुढे तो संशोधनाच्या प्रवेशासाठी मुलाखतीस गेला. तेथे त्याच्याच प्रबंधातील एक परिच्छेद वाचून दाखवून त्याचा अर्थ विचारण्यात आला. तो परिच्छेद आमचा होता. त्याला उत्तर देता आले नाही. ज्या वह्या त्याने भरल्या होत्या त्यांबद्दल कोणी विचारले असते, तर तो तासभर बोलला असता. पण त्या वह्यांवर आम्ही आमचे इंग्रजी पसरून ठेवले होते.

त्यानंतर त्याने संशोधनाचा नाद सोडला. आज तो एका कारखान्यात नोकरी करतो व सचोटीने संसार करतो. रस्त्यात भेटला तर नमस्कार करतो आणि पुढे निघून जातो. त्याने आम्हांस कधी दोष दिला नाही. पण त्याचे स्वतःचे वाकडेतिकडे वाक्य आम्ही त्याच्या हातून काढून घेतले, ही गोष्ट आम्ही विसरू शकत नाही. आम्ही केले त्यास मदत म्हणत नाहीत.

आज हे अधिकच आठवते, कारण आता ते काम करण्यास आमच्यासारख्या माणसाची गरज उरलेली नाही. भ्रमणध्वनीवर दोन ओळी टाकल्या की कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र क्षणार्धात निर्दोष इंग्रजी लिहून देते. अमाप मजकूर पचवून कोणत्या शब्दापाठोपाठ कोणता शब्द येणे संभवनीय, याचा हिशेब ते मांडते; खरेखोटे पाहण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते. म्हणून अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथांची नावेही ते अगदी आत्मविश्वासाने सांगून जाते. त्या यंत्रास शिव्या देण्याचा आम्हांस अधिकार नाही. आम्ही त्या मुलाच्या बाबतीत तेच केले होते. चुकलेले व्याकरण समजून घेण्यासाठी, अवघड परिच्छेदाचा अर्थ विचारण्यासाठी त्याचा उपयोग शिक्षकांच्या अनुमतीने जरूर करावा. पण पहिला मसुदा स्वतःच्या हातचा असावा. मुलाखतीच्या खोलीत यंत्र सोबत येत नाही, आणि आम्हीही येत नाही.

तेव्हा ज्ञातीने काय करावे? आमची सूचना अशी. गुणगौरवाचा समारंभ चालू राहावा. परंतु त्यावरील खर्चाचा काही भाग एका लेखनवर्गासाठी राखून ठेवावा. दर रविवारी सकाळी दोन तास, आळीपाळीने तिन्ही गावांत, जेथे चार बाकडी आणि एक फळा मिळेल तेथे हा वर्ग भरावा. पहिल्या तासात प्रत्येकाने आपल्या विषयाचे एक इंग्रजी पान वाचून त्याचा सारांश मराठीत सांगावा. कारण जे मराठीत सांगता येत नाही ते समजलेलेच नसते. दुसऱ्या तासात पुस्तक मिटून तोच सारांश दीडशे शब्दांत इंग्रजीत लिहावा आणि खाली मूळ लेखकाचे नाव, ग्रंथ व पृष्ठ नोंदवावे. मग वह्यांची अदलाबदल करून एकमेकांचे लेखन मोठ्याने वाचावे. जेथे वाचणारा अडखळतो तेथे बहुधा लिहिणारा चुकलेला असतो.

आपल्यांत निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतील अधिकारी आहेत, कारखान्यांतील अहवाल वर्षानुवर्षे लिहिलेले तंत्रज्ञ आहेत. त्यांनी मार्गदर्शनासाठी यावे, पण एक शपथ घेऊन यावे: मुलाच्या वहीत आपले वाक्य लिहावयाचे नाही. चूक दाखवावी, कारण सांगावे आणि पेन्सिल त्याच्याच हाती द्यावी. संपूर्ण पान लाल शाईने रंगवू नये. एका वेळी तीन चुका पुरेत. त्या तीन सुधारल्या की पुढच्या रविवारी आणखी तीन. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या त्या याच धीम्या गतीने, मराठीचा हात धरून.

मातापित्यांसही एक विनंती आहे. मुलाचे इंग्रजी कच्चे आहे म्हणून पाहुण्यांपुढे त्यास हिणवू नका, आणि ते फर्डे आहे म्हणून मिरवूही नका. आज काय लिहिलेस आणि ते कशावरून लिहिलेस, एवढेच विचारा. तुम्हांला इंग्रजी येत नसले तरी हा प्रश्न विचारता येतो, आणि विद्यापीठातील थोर परीक्षकही अखेर हाच प्रश्न विचारतो.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांस एवढेच सांगणे की, तुमचे मोडके वाक्य आम्हांस आणून दाखवा. त्याची लाज बाळगू नका. ते तुमचे आहे, म्हणून ते सुधारता येईल.

पहिला वर्ग भरेल त्या दिवशी, आम्ही ज्याचा उल्लेख केला त्या मुलास निमंत्रण देण्यास आम्ही स्वतः त्याच्या घरी जाणार आहोत. त्याच्या त्या जुन्या वह्या अजून असतील, तर त्या त्याने स्वतःच्या शब्दांत लिहून काढाव्यात, अशी विनंती करणार आहोत. तो येईल की नाही, ठाऊक नाही. पण आमचे जाणे आमच्याकडे लागते.